हिरवं बटण, लाल बटण आणि मी जाळलेली मोटर

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.)

मागे जो ठक्‌ठक्‌ आवाज येतोय तो माइकचा दोष नाही. आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीपासून दोन मिनिटांवर, आणि तिथे अजूनही हातोडीने तांब्याची भांडी घडवतात. एडिटिंगमध्ये मी तो आवाज काढू शकलो असतो. पण आजच्या गोष्टीत त्या हातोडीला काम आहे, म्हणून राहू दिलाय.

विषय आहे बटण. विजेचं, दाबायचं बटण. हसू नका. मी बीटेक करून सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, स्क्रीनवरची बटणं म्हणजे माझं रोजचं दळण. आणि तरी गेल्या वर्षी एका बटणाने अख्ख्या इमारतीसमोर माझी इज्जत काढली.

तर झालं असं. आमची इमारत जुना वाडा पाडून बांधलेली. तीन मजले, सहा बिऱ्हाडं. कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी येतं, ते जिन्याखालच्या हौदात साठतं आणि तिथून अर्ध्या एचपीची मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. मोटरचा स्टार्टर जिन्याशेजारच्या भिंतीवर. करड्या रंगाचा लोखंडी डबा, वर हिरवं बटण, खाली लाल. आम्ही तळमजल्यावर राहतो, म्हणून मोटर लावण्याचं खातं गेली वीसेक वर्षं माझ्या आजीकडे. आजी अठ्ठ्याहत्तरची आहे आणि तिच्या बोटांचे सांधे सुजतात. ते हिरवं बटण कडक झालेलं, डब्यात खोल गेलेलं. ते दाबायला ती अंगठ्यावर अंगठा ठेवून सगळं अंग रेटायची. त्यात मोटर चालू असताना लाइट गेले, की परत आल्यावर पुन्हा जाऊन दाबा. ‘त्या डब्याच्या दिवसातून तीनतीनदा पाया पडायचं,’ असं ती म्हणायची.

मी घरून काम करतो, त्यामुळे हे रोज दिसायचं. एक दिवस वाटलं, दोन बटणं हवीतच कशाला? एकच असावं. मोठं, हलकं, तळहातानेसुद्धा दाबता येईल असं. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. शनिवारी तपकीर गल्ली गाठली. पुण्याबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे विजेच्या सामानाची पंढरी. तिथून एक जाडजूड, सोळा अँपिअरचं पुश-बटण आणलं, स्टार्टरचा डबा काढून टाकला आणि त्या जागी हे बसवलं. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आता लाइट गेले तरी चिंता नाही. आले की मोटर आपोआप सुरू!’ अकरा अंगठे आले.

ते वाक्य लक्षात ठेवा.

पहिला आठवडा कौतुकात गेला. मग गंमत सुरू झाली. आजी मोटर लावायची. दहा मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली यायच्या, त्यांना वाटायचं आजी आज विसरल्या, आणि त्या मोटर ‘लावायच्या’. म्हणजे बंद करायच्या. आमची मोटर फरशीखालच्या खड्ड्यात आहे आणि बाहेर रिक्षांचा गोंगाट, त्यामुळे ती चालू आहे की नाही हे पाइपला हात लावल्याशिवाय कळत नाही. काकू मोटर ‘लावून’ वर गेल्या, की आजी थोड्या वेळाने ती ‘बंद’ करायला जायची. म्हणजे चालू करायची. टाकी कधी कोरडी, कधी वाहून चाललेली.

हे तुम्ही रोज अनुभवता. ऑनलाइन मीटिंगमध्ये म्यूटचं बटण असतं ना? नेट अडकलं की आपण एकदा दाबतो, काही होत नाही, म्हणून परत दाबतो. मग दोन्ही दाब एकदम पोचतात आणि आपण जिथे होतो तिथेच. याउलट लिफ्टचं बटण. पाच माणसं येऊन पाच वेळा दाबू देत, अर्थ एकच: लिफ्ट हवी. आमच्या धंद्यात या गुणाला मोठं भारदस्त नाव आहे, पण आजीच्या भाषेत सांगायचं तर ‘कितीदा सांगितलं तरी एकच गोष्ट सांगितली.’ जुन्या डब्यावरचं हिरवं बटण तसं होतं. मोटर चालू असताना ते हजार वेळा दाबा, मोटर चालूच. माझ्या बटणाला मात्र आधी काय होतं हे माहीत असल्याशिवाय दाबण्यात अर्थ नव्हता. हे मला कामावर कोणी लिहून दाखवलं असतं तर मी तो कोड परत पाठवला असता. घरी मात्र फोटो काढून ग्रुपवर टाकला.

खरा दणका पुढे बसला. एका दुपारी मोटर चालू असताना लाइट गेले. ‘गेलेत का खरंच, की बटणच बिघडलं?’ म्हणून दोघातिघांनी येऊन दाबून पाहिलं. कोणी किती वेळा दाबलं, देव जाणे. आत बटण चालूवर अडकून राहिलं. लाइट आले ते मध्यरात्रीनंतर, सगळे झोपल्यावर. आणि माझ्या वचनाप्रमाणे मोटर आपोआप सुरू झाली. गच्चीवरची टाकी भरली, वाहिली, ओव्हरफ्लोचा पाइप मागच्या बोळात सोडलेला, तिथे रात्री ऐकायला कोण? हौद रिकामा झाला. मोटर फिरतच राहिली, आता कोरडी.

पंपाच्या दांड्यावर जे सील असतं ते आतल्या पाण्यानेच थंड राहतं. पाणी नाही म्हटल्यावर ते तापून जळतं. आमचं जळलं. सकाळी नळ आला, हौद भरला, कुणाला काही कळायच्या आत फुटक्या सीलमधून पाणी मोटरमध्ये शिरलं आणि वाइंडिंग गेलं. मी ती मोटर स्कूटरवर पायांमध्ये ठेवून वाइंडिंगवाल्याकडे नेली. तीन दिवस सहा बिऱ्हाडांनी बादल्यांनी पाणी वर नेलं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची तेव्हा नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, त्यांच्या बादल्या मी वाहिल्या, आणि प्रत्येक खेपेला ते ‘असू दे, असू दे’ म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी जिन्यात पाटी लागली. पुणेच ते. ‘मोटर चालू आहे की बंद, याची चौकशी इंजिनिअरकडे करावी. वेळ सकाळी ७ ते ९.’

आजी फक्त एवढंच म्हणाली, ‘जुना डबा असता तर लाइट गेल्यावर झोपला असता.’

मला आधी ते टोमण्यासारखं वाटलं. मग माळ्यावरून तो डबा काढला, उघडला, आणि लक्षात आलं की ती अक्षरशः बरोबर बोलली होती.

इथे जरा थांबून आपण शब्द नीट लावून घेऊ. मराठीत आपण सगळ्याला ‘बटण’च म्हणतो. पण आपल्याकडे दोन जुने शब्द आहेत, खटका आणि कळ. या भागापुरतं आपण असं धरू: खटका म्हणजे जिथे ठेवाल तिथे राहणारा. भिंतीवरचं दिव्याचं बटण हा खरं तर खटका. कळ म्हणजे बोट काढलं की परत मूळ जागी येणारी, दारावरच्या बेलसारखी. खटक्याला आठवण असते, कळीला नसते. आणि मी बसवलेलं ते बटण म्हणजे कळीचा वेश घेतलेला खटका. टिकटिक बॉलपेन आठवा, एकदा दाबलं की रिफिल बाहेर, परत दाबलं की आत. जुन्या टीव्हीचं पॉवरचं बटणही असंच. त्यातल्या पुष्कळ बटणांत हृदयाच्या आकाराची एक खाच असते आणि तिच्यात तारेची बारीक पिन फिरते. एका दाबाला पिन खाचेच्या वरच्या खोबणीत अडकते, दुसऱ्या दाबाला सुटून खाली येते. सुंदर युक्ती आहे. पण आठवण त्या प्लास्टिकच्या खाचेत आहे, आणि लाइट गेले की नाही हे त्या खाचेला कधीच कळत नाही.

आता डब्यात काय होतं? हिरवं बटण ही शुद्ध कळ. दाबली की कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज मिळते, कॉइलचा लोहचुंबक होतो, तो लोखंडी तुकडा खेचतो आणि मोटरचे जाड संपर्क जुळतात. बोट काढलं की कळ सुटते, मग मोटर बंद का पडत नाही? कारण कॉन्टॅक्टरला आणखी एक छोटा संपर्क असतो, हिरव्या बटणाला समांतर जोडलेला. कॉन्टॅक्टर एकदा आत खेचला गेला की या वाटेने तो स्वतःच स्वतःला वीज देत राहतो. वायरमन याला ‘होल्डिंग’ म्हणतात. कुणीतरी दार उघडून तुम्हाला आत घ्यावं आणि पुढे दार तुम्हीच आतून धरून ठेवावं, तसं. मोटर चालू आहे ही आठवण कुठल्याही खाचेत नाही, ती वाहत्या विजेतच आहे. लाइट गेले की आठवण गेली. चुंबक सुटला, संपर्क उघडले. परत लाइट आले तरी डबा झोपलेलाच, कुणीतरी माणूस येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत.

मी ज्याला वीस वर्षांचा त्रास समजत होतो, तेच त्या डब्याचं मुख्य काम होतं. पिठाच्या गिरणीत, लेथवर, करवतीवर हेच असतं. लाइट गेल्यावर कारागीर पट्ट्यात हात घालतो, अडकलेलं काढतो. तेवढ्यात लाइट आले आणि यंत्र आपोआप फिरायला लागलं तर?

आणि लाल बटण त्याहून हुशार आहे. ते हिरव्याच्या उलटं, न दाबता जोडलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं. कॉइलची सगळी वीज त्याच्यातून जाते. का? समजा ते ‘दाबल्यावर जोडलं जाणारं’ असतं आणि त्याची वायर उंदराने कुरतडली. मोटर मजेत चालेल, आणि ज्या दिवशी बंद करायची गरज पडेल त्या दिवशी कळेल की बटण मेलेलं आहे. उलट जोडणीत वायर तुटली की मोटर लगेच बंद. बिघाड झाला तर तो बंद राहण्याच्या बाजूने व्हावा, अशी सोय.

हे सगळं मी फोनवर मामाला सांगत होतो. मामा जुन्नरकडे शेती करतो. तो म्हणाला, ‘अरे, तू केलंस त्याला आमच्याकडे ऑटो स्विच म्हणतात.’

आणि मग मला कळलं की माझा गाढवपणा एकट्याचा नाही, राज्यभरचा आहे. शेतीपंपांची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री वीज आली की उठून विहिरीवर जायचं, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. वीज आली की पंप आपोआप सुरू. महावितरण वर्षानुवर्षं आवाहन करतंय की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. कारण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप, ऑटो स्विचमुळे, वीज आल्या क्षणी एकत्र सुरू झाले तर? व्होल्टेज कोसळतं, मोटरी धड सुरू होत नाहीत, जास्तच करंट ओढत बसतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. मग ऐन पिकाला पाणी द्यायच्या दिवसांत सगळ्या शिवाराची वीज बंद.

मी मामाला शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, मामा, काढून टाक ना तो. तो म्हणाला, ‘रात्री दोन वाजता उसाच्या कडेने विहिरीवर तू जा. बिबट्या भेटला तर त्याला तुझं ते होल्डिंग समजावून सांग.’ जुन्नरच्या माणसाने हे गमतीत म्हटलेलं नसतं. मी गप्प बसलो. दिवसा वीज मिळाली तर ऑटो स्विचची गरजच उरणार नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि महावितरणलाही. तोवर तो ऑटो स्विच म्हणजे माणसाने आपल्या झोपेसाठी आणि जिवासाठी काढलेली पळवाट आहे, आणि तिला नुसतं ‘चूक’ म्हणणं मला जमत नाही. मध्यम मार्ग म्हणून पंपांना वेगवेगळ्या वेळी सुरू करणारे टायमर मिळतात. मामाने एक लावलाय.

माझ्याकडे बिबट्या नव्हता. माझ्याकडे आजीची बोटं होती.

डबा परत लावला असता तर मोटर सुरक्षित, पण तिचा अंगठा पुन्हा तिथेच. मग ठरवलं, हिरवं आणि लाल दोन्ही राहतील, पण बटण नवं आणि शक्य तितकं साधं करायचं. डबा उघडल्यावर कळलेली गोष्ट अशी की ती बटणं कडक असण्याला आतल्या विजेचं काही कारणच नव्हतं. जुनी स्प्रिंग, गंज आणि धूळ.

‘साधं’ म्हणजे किती साधं, याला एक मर्यादा आहे, ती सांगतो. तुम्ही २३० व्होल्टचा प्रवाह तोडता तेव्हा दोन संपर्कांच्या फटीत ठिणगी पेटते. बोट हळू असेल आणि संपर्क बोटाबरोबरच हळू उघडत असेल, तर ती ठिणगी रेंगाळते आणि धातू खाते. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स नावाच्या इंजिनिअरने १८८४ साली यावर उपाय काढला: बोटाने फक्त स्प्रिंग ताणायची, आणि ठरावीक जागेपुढे स्प्रिंगनेच संपर्क झटक्यात उघडायचा. बोट कितीही सावकाश असो, तुटणं झटपट. भिंतीवरच्या खटक्याचा ‘टक्’ आवाज ऐकता ना, तो या युक्तीचा वंशज. आपल्या घरातली वीज एसी आहे, सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला मदत होते. तरीसुद्धा, कान देऊन ऐका, घरी बनवलेलं बटण २३० व्होल्टवर लावायचं नाही. मी लावलं नाही, तुम्हीही लावू नका.

मी काय केलं, बटणाचं काम हलकं केलं. २४ व्होल्ट डीसी कॉइलचा कॉन्टॅक्टर घेतला. त्याची कॉइल साधारण ३ वॉट घेते, म्हणजे बटणातून जेमतेम सव्वाशे मिलीअँपिअर जाणार. मोटरचा सगळा भार कॉन्टॅक्टरवर, सोबत ओव्हरलोड रिले आणि अर्थिंग. हा भाग मी हातही न लावता लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घेतला. एकदा पोळलं की ताकही फुंकून पितात. बटणाच्या बाजूला उरले २४ व्होल्ट. तिथे मी राजा.

आता माझं बटण ऐका. तांब्याची एक पट्टी, बोटाएवढी लांब, एका टोकाला स्क्रूने घट्ट. दुसऱ्या टोकाखाली एक संपर्क. वर लाकडाची मोठी चकती, आजीच्या तळहाताच्या मापाची. बस. वेगळी स्प्रिंग नाही, पट्टीच स्प्रिंग, पट्टीच वायर, पट्टीच संपर्क. लाल बटणात तीच पट्टी उलटी, ती वरच्या संपर्काला टेकून बसते आणि दाबली की सुटते.

पट्टी तांबट आळीतून आणली, भांड्याच्या पत्र्याचा उरलेला तुकडा. चाचणीसाठी एक छोटी सर्व्हो मोटर लावली, ती रात्रभर बटण दाबत राहणार आणि ईएसपी३२ बोर्ड मोजत राहणार. पहिल्या शंभर दाबांना बोर्डाने आकडा दाखवला तीनशे बारा. सॉफ्टवेअरवाले हसले असतील. संपर्क जुळताना तो चेंडूसारखा टप्पे खातो, काही मिलिसेकंद जुळतो-सुटतो-जुळतो, आणि बोर्डाला प्रत्येक टप्पा म्हणजे नवा दाब वाटतो. तेवढे मिलिसेकंद दुर्लक्ष करायला कोडमध्ये सांगावं लागतं. कॉन्टॅक्टरला मात्र काही सांगावं लागत नाही. तो एवढा जड आहे की त्याला हे टप्पे कळतच नाहीत.

सकाळी पाहिलं तर आकडा भलताच पुढे गेलेला आणि पट्टी वाकून खाली चिकटलेली. सर्व्हो हवेत हात हलवत होता. हा साधा बिघाड नव्हता. हिरव्याची पट्टी खाली चिकटून राहिली म्हणजे हिरवं बटण कायमचं दाबलेलं, म्हणजे लाइट आले की मोटर आपोआप सुरू. फिरून मी तिथेच!

पट्टी घेऊन तांबट आळीतल्या काकांकडे गेलो. त्यांनी ती दोन बोटांत धरून वाकवली आणि म्हणाले, ‘हा भट्टीतून आलेला पत्रा आहे, नरम. ठोकल्याशिवाय अंगात जोर कसा येईल?’ तांबटांच्या भांड्यांवर हातोडीचे ते एकसारखे ठसे असतात ना, त्या कामाला मठारकाम म्हणतात. मी ते आयुष्यभर नक्षी समजत होतो. दिसतं छान, पण त्याने भांडं कणखर होतं. नरम तांब्यात धातूचे सूक्ष्म थर एकमेकांवरून सहज घसरतात. ठोकून ठोकून ते एकमेकांत अडकतात, मग पट्टी वाकवली तरी परत सरळ होऊ पाहते. काकांनी ऐरणीवर दोन-तीन डझन ठोके दिले आणि पट्टी माझ्या हातात दिली. टिचकी मारली तर थरथरली.

मग मी काय केलं? घरी येऊन टोकाला चांदीचा तुकडा गॅसच्या ज्योतीवर झाळला, आणि पट्टी परत लोण्यासारखी. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं तापवलं की नरम होतं, बुडवा नाहीतर नका बुडवू. काकांकडे परत गेलो तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा नाही, नुसता हात पुढे केला. दुसऱ्यांदा ठोकून झाल्यावर चांदी रिव्हेटसारखी ठोकून बसवली, थंडच.

चांदी कशाला? तांब्यावर जे काळपट पुट चढतं ते वीज अडवतं. मोठ्या प्रवाहात ठिणगी ते पुट जाळून टाकते, २४ व्होल्टला तेवढी धमक नसते. चांदी बरी, पण तीही काळी पडते, देवाच्या भांड्यांवर बघतोच आपण. म्हणून पट्टीला किंचित बाक दिला. टेकल्यावर ती केसभर पुढे घसरते आणि दर दाबाला स्वतःलाच पुसून घेते. चांदी आली माझ्या बारशाच्या वाळ्यातून. तो वाकडा होऊन आजीच्या डब्यात पडला होता. तिने तो दिला आणि वर म्हणाली, ‘तुझ्या पायात दोन महिनेसुद्धा टिकला नाही, इथे बघू.’

एक डायोडही लावला, कॉइलला उलटा समांतर. कॉइलची वीज तोडली की ती उलटं व्होल्टेज मारते, त्या झटक्याने लालच्या चांदीवर ठिणगी पडत होती. दोन-तीन रुपयांचा डायोड, ठिणगी गायब.

पुढच्या चाचणीत वीस हजार दाब झाले आणि पट्टी सरळ. दिवसाला दोनदा मोटर लागते, म्हणजे सत्तावीस वर्षांचे दाब. हवेतली धूळ, ओल, उंदीर हे त्या हिशोबात नाही, मला माहितीये. कारखान्यात अशा पट्टीला फॉस्फर ब्रॉन्झ वापरतात आणि ते माझ्या तांब्याहून सरस आहे, हेही माहितीये. पण ते ठोकून देणारे काका माझ्या घरापासून दोन मिनिटांवर नाहीत.

आता भिंतीवर दोन लाकडी चकत्या आहेत, वर हिरवी, खाली लाल, मध्ये एक छोटा दिवा. दिवा आजीची मागणी. ‘चालू आहे का हे मला पाइपला मिठी मारून का बघायला लागावं?’ ती आता मनगटानेच दाबते. मध्ये लाइट गेले की पुन्हा जाऊन दाबावं लागतं, पण त्याबद्दल तिने अजून एकदाही तक्रार केलेली नाही. हौदात पाणी संपलं तर मोटर थांबवणारा फ्लोट अजून बसवायचाय. तो लालच्याच ओळीत जाईल, न दाबलेल्या बटणासारखा.

गेल्या महिन्यात सकाळी मोटर लागेचना. काकू खाली, आजोबा खाली, सगळे पाटीकडे बघतायत आणि मग माझ्याकडे. मी लॅपटॉप, मीटर सगळं घेऊन बसलो. आजीने दोन मिनिटं पाहिलं, लाल चकतीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘अरे, ही डुगडुगतेय.’ मागचा स्क्रू सैल झालेला, वायर निसटलेली. पिळला, हिरवं दाबलं, दिवा लागला.

पाटी अजून तशीच आहे. आणि आत्ता सात वाजलेत, मला खाली जायला हवं. तुमच्या गावी ऑटो स्विच असेल, किंवा टायमर लावून बघितला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, मामाला ऐकवायच्यात. पुढच्या भागात भेटू.